गट ऑफिसचा संगणक मुका का झाला?



या अंकात आम्ही खोडव्यातील पाचट, हुमणी, ठिबकाचे फिल्टर यांवर लिहीत असतो. या खेपेस संगणकावर लिहितो आहोत म्हणून कपाळाला आठ्या घालू नका. आपली ऊस नोंद, तोडीची क्रमपाळी, काट्यावरचे वजन आणि बँकेत जमा होणारे बिल हे सारे आता त्या पेटीतूनच जाते. ती पेटी ऐन वेळी मुकी झाली तर सभासदाचे काय होते, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले.

दसरा होऊन आठवडा झाला होता. एका गट ऑफिसची नुकतीच रंगरंगोटी झाली होती आणि भिंतींना चुन्याचा वास येत होता. बाहेरच्या फळ्यावर लागण नोंदीची यादी लावलेली. हरकती घेण्याचा तो शेवटचा दिवस. सायंकाळी सहाला मुख्य ऑफिस यादी बंद करणार आणि त्याच यादीवरून हंगामाची क्रमपाळी निघणार. दुपारी तीनच्या सुमारास एक वयस्क सभासद आले. गावात त्यांना सगळे नाना म्हणतात, आपणही नानाच म्हणू. यादीवर बोट ठेवून त्यांनी क्लार्कना विचारले, "भाऊसाहेब, माझी लागण सतरा जुलैची हाय. हितं सतरा ऑक्टोबर पडलंय. आडसाली ऊस पूर्वहंगामीत घातलासा व्हय?"

नानांचे म्हणणे खरे होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली नोंदीची पावती त्यांनी टेबलावर ठेवली. शेतकी मदतनिसाच्या डायरीतही जुलै २०२३ च होता. संगणकात भरताना वरच्या ओळीतला महिना खालच्या ओळीत उतरला होता. चूक ऑफिसची होती, हे लपवण्यात अर्थ नाही. पण कागदावरच्या या तीन महिन्यांचा शिवारात अर्थ काय होतो, ते आपणास सांगायला नको. सोळा-सतरा महिन्यांचा झालेला ऊस आणखी उभा राहिला की तुरा येतो, कांडी पोकळ पडते, पांगशा फुटतात, वजन घटते. शिवाय तोड लांबली की खोडवाही लांबतो. नानांचा प्लॉट दीड एकराचा. वर्षाचे घर त्यावर चालते.

"आत्ता दुरुस्त करतो," म्हणून भाऊसाहेब संगणकासमोर बसले, आणि तिथेच पंचाईत झाली. वायरलेस इंटरनेट, म्हणजे ज्याला आपण सारे वायफाय म्हणतो, ते लागेना. कोपऱ्यातल्या खुणेवर फुली होती. भाऊसाहेबांनी संगणक तीनदा बंद-चालू केला. पासवर्ड दोनदा घातला. मग भिंतीवरचा वायफायचा डबा, ज्याला राउटर म्हणतात, त्याची पिन काढून पुन्हा घातली. पेटीच्या डोक्यावर एक चापटही बसली, ते असो. शेवटी तालुक्याच्या गावच्या एका दुरुस्तीवाल्यांना फोन लावला. त्यांनी फोनवरूनच निदान केले, "मदरबोर्ड गेला असणार. पेटी घेऊन या, दोन दिवस लागतील." बांधावर पाय न ठेवता उसाचा रोग सांगणारे असतात, त्यातलेच हे!

घड्याळात चार वाजून गेले होते. बाकावर बसलेले नाना तेव्हा सहज बोलून गेले, "लिफ्टचं पाणी सरीत आलं न्हाई म्हंजे लगेच मोटर जळाली म्हणायचं व्हय? आधी चेंबरला जाऊन बघा की, तितवर पाणी आलंय का."

आम्ही त्या दिवशी तेथे दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. नानांचे वाक्य ऐकले आणि आमच्या ध्यानात आले की हा संगणक कधी हातात न धरलेला माणूस बरोबर वाटेवर आहे. आपल्या उपसा योजनेत जॅकवेलपासून चेंबर, चेंबरपासून चारी, चारीपासून सरी असे पाणी येते. पाणी आले नाही तर आपण टप्प्याटप्प्याने चालत जातो आणि कुठवर आले आहे ते पाहतो. इंटरनेटचेही तसेच आहे. बाहेरून कंपनीची तार राउटरपर्यंत येते, तो झाला चेंबर. राउटरपासून संगणकापर्यंतचा शेवटचा टप्पा हवेतून, रेडिओच्या लहरींवर होतो. चेंबर भरले आहे की नाही हे न पाहताच भाऊसाहेब तासभर सरीत उभे होते.

नानांचा नातू त्यांना गाडीवरून घेऊन आला होता. त्याने आपला मोबाईल काढला, ऑफिसच्या वायफायला जोडला आणि पान उघडून दाखवले. "आलं की," भाऊसाहेब म्हणाले. पण पोरगा हुशार. म्हणाला, "थांबा, माझं मोबाईलचं नेट चालू आहे, ते बंद करून बघतो." हे फार महत्त्वाचे आहे. मोबाईलचा स्वतःचा डेटा चालू असेल तर वायफाय मेलेले असतानाही पान उघडते आणि आपण फसतो. डेटा बंद केला, तरी पान उघडले. म्हणजे पाणी चेंबरपर्यंत येत होते. कंपनीला फोन करण्याची गरज नव्हती, राउटरला हात लावण्याचीही नव्हती. दोष राउटर आणि हा एक संगणक यांच्या मधेच होता.

मोबाईलवरही काही आले नसते तर गोष्ट निराळी. तेव्हा राउटरचे दिवे पाहावेत. फायबरच्या डब्यावर एल.ओ.एस. असे लिहिलेला दिवा असतो, तो लाल झाला की बाहेरून प्रकाशच येत नाही असे समजावे. कुठेतरी तार तुटली आहे, बहुधा रस्त्याच्या कडेला जेसीबी चालला असेल. अशा वेळी संगणकाशी कितीही झटापट केली तरी उपयोग शून्य, कंपनीकडे तक्रार नोंदवून मोकळे व्हावे. आणि सगळेच दिवे विझलेले असतील तर आधी इन्व्हर्टर व पिन पाहावी. हसू नका, लोडशेडिंगमध्ये संगणक यूपीएसवर चालू राहतो आणि राउटर मात्र साध्या बोर्डावर असल्याने बंद पडतो, हे आम्ही एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

आता नानांच्या नोंदीचे काय? नातवाने चार्जिंगची वायर मागितली. मोबाईल त्या वायरीने संगणकाला जोडला आणि मोबाईलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' नावाचे बटण असते, ते चालू केले. अर्ध्या मिनिटात संगणकाला इंटरनेट लागले. संगणकाला वाटते की आपल्याला तारेचे कनेक्शन मिळाले आहे, वायफायचा त्यात संबंधच राहत नाही. फक्त चार्जिंगपुरती असलेली स्वस्त वायर याला चालत नाही, डेटा वाहणारी लागते. सव्वापाचला नोंद उघडली, पावती पाहून तारीख दुरुस्त झाली, साडेपाचला दुरुस्तीचा कागद छापून नानांच्या हातात पडला. त्यांनी तो तीनदा वाचला आणि पुन्हा पिशवीत घातला.

या एका वायरीने दोन कामे केली. नोंद तर झालीच, पण मदरबोर्डही जिवंत आहे आणि संगणकाच्या आत इंटरनेट चालवणारी व्यवस्था ठीक आहे, हेही कळले. दोष उरला तो फक्त वायफाय पकडणाऱ्या भागात. पेटी तालुक्याला नेली असती तर काय झाले असते, याचा विचार आपणच करावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी फिरवून पाठीमागे पाहिले. येथे थोडे समजून घेण्यासारखे आहे. लॅपटॉप आणि मोबाईल यांच्या पोटात वायफाय पकडणारा भाग येतानाच बसवलेला असतो. टेबलावरच्या जुन्या संगणकात तो पुष्कळदा नसतोच, नंतर बसवावा लागतो. तो दोन तऱ्हांचा असतो. एक म्हणजे पेनड्राइव्हसारखा छोटा तुकडा, यूएसबीच्या खाचेत खुपसायचा. दुसरा म्हणजे पेटीच्या आत बसवलेले कार्ड, ज्याचे पितळी आट्यांचे दोन खांब मागे बाहेर आलेले असतात आणि त्यांवर बोटाएवढ्या काळ्या अँटिना फिरवून बसवायच्या असतात. आमच्या संगणकात कार्ड होते. पितळी खांब उघडे होते. अँटिना गायब!

शोधाशोध झाली. रंगाऱ्याने भिंत रंगवताना टेबल ओढले होते. अँटिना भिंतीला लागतात म्हणून त्याने त्या काढल्या आणि माणूस प्रामाणिक असल्याने कागदात गुंडाळून खणात, शिक्क्यांच्या पॅडशेजारी, नीट ठेवून दिल्या. सांगायचे मात्र राहिले. भाऊसाहेब त्या खणातून रोज शिक्का काढत होते, पण ती पुडी उघडून पाहावी असे कोणाच्या मनात आले नाही. अँटिना हाताने आवळून बसवल्या. पक्कड लावू नये, आटे बिघडतात. वायफाय लागले, पण खुणेवर चारपैकी दोनच रेघा. मग ध्यानात आले की रंगकामानंतर जुने लोखंडी कपाट राउटर आणि टेबल यांच्या बरोबर मधे येऊन बसले आहे. लोखंडाचा पत्रा या लहरींना जवळजवळ आडवा बांधच असतो. कपाट हात-दीड हात सरकवताच रेघा चार झाल्या.

ज्यांच्याकडे तो छोटा तुकडा आहे त्यांनी तो पेटीच्या मागे, टेबलाखाली, भिंतीशी तोंड करून ठेवू नये. यूएसबीची हातभर लांबीची जोड-वायर बाजारात मिळते, ती लावून तुकडा टेबलावर आणावा. आणखी एक. पेटीवरच्या निळ्या रंगाच्या यूएसबी खाचेत बाहेरची हार्डडिस्क चालू असेल तर तिची गडबड वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींत मिसळते. त्या खाचेपासूनही तुकडा दूर असलेला बरा.

या प्रकरणानंतर आम्ही इतर गटांतील आणि काही सभासदांच्या घरच्या तक्रारी मुद्दाम विचारल्या. त्यांतल्या चार सांगण्याजोग्या आहेत.

एका सभासदाच्या मुलीने सांगितले, "मोबाईलला घरचं वायफाय दिसतं, कॉम्प्युटरला त्याचं नावच दिसत नाही." आजकालचे राउटर दोन पट्ट्यांवर चालतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ ची पट्टी वेगवान, पण तिचा पल्ला कमी आणि भिंतीपुढे ती लवकर थकते. जुन्या संगणकाच्या तुकड्याला पुष्कळदा फक्त २.४ चीच पट्टी समजते. त्यांच्या राउटरमध्ये २.४ ची पट्टी कोणीतरी बंद करून ठेवली होती. ती चालू केली आणि काम झाले. एक पैसा लागला नाही.

दुसऱ्या गावी वायफाय लागलेले दिसे, पण इंटरनेट नाही. आपली उसाची गाडी यार्डात आली की तिला नंबर मिळतो आणि नंबराशिवाय ती काट्यावर जात नाही. तसाच प्रत्येक संगणकाला राउटरकडून आकड्यांचा एक पत्ता मिळावा लागतो. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये तो पाहता येतो. तिथे पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर ओळखावे की राउटरने नंबर दिलाच नाही आणि संगणकाने आपल्या मनाचा लावून घेतला आहे. राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून चालू करावा, संगणकातून ते वायफाय 'फर्गेट' करून पुन्हा जोडावे. बहुतेक वेळा नंबर मिळतो. या गावी मात्र ऑफिसातील एकाने उत्साहाच्या भरात राउटरच्या पाठीवरच्या टाचणीएवढ्या भोकात टाचणी खुपसून धरली. ते भोक बंद-चालू करण्याचे नव्हे. त्याने राउटरची सारी पाटी कोरी होते, वायफायचे नाव, पासवर्ड आणि पुष्कळदा कंपनीने भरलेली माहितीसुद्धा जाते. आधी एक संगणक बंद होता, आता सगळेच बंद पडले. कृपा करून त्या भोकाच्या वाटेला जाऊ नका.

तिसरी तक्रार फार मजेची. वायफाय उत्तम, रेघा चार, तरी सातबाऱ्याचे पान उघडेना, बँकेचे पान उघडेना, "कनेक्शन सुरक्षित नाही" असा इशारा येई. संगणकाच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली तर कित्येक वर्षे मागची! पेटीच्या आत रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो. त्याचा नंबर सीआर २०३२, दाब ३ व्होल्ट. वीज नसताना घड्याळ तोच चालवतो. सेल उतरला की प्रत्येक वेळी वीज गेल्यावर तारीख मागे जाते. सुरक्षित पानांची प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असतात, त्यामुळे जुन्या तारखेच्या संगणकाला ती खोटी वाटतात. तारीख दुरुस्त केली आणि सेल बदलला. असा सेल घड्याळजींकडेही मिळतो. बदलताना पेटीची पिन बोर्डातून काढलेली असावी, हे लिहिण्याची गरज नसावी, पण लिहितो.

चौथी गोष्ट नव्याने विंडोज भरलेल्या संगणकांची. वायफायच्या भागाला चालवणारा एक छोटा प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. नवे विंडोज भरले की कधीकधी तो नसतो, आणि तो उतरवून घ्यायला इंटरनेट लागते. आधी बी की आधी झाड! येथेही नानांच्या नातवाची चार्जिंगची वायर कामी येते. टेदरिंग करून घ्यावे आणि ड्रायव्हर कार्ड किंवा संगणक बनवणाऱ्या कंपनीच्याच ठिकाणाहून उतरवावा. कोणी अनोळखी माणसाने फोनवर "तुमचा स्क्रीन मला दाखवा, हे ॲप घाला, लगेच दुरुस्त करतो" म्हटले तर फोन ठेवून द्यावा. तो वायफाय दुरुस्त करायला येत नाही, बिलाच्या खात्यावर डोळा ठेवून येतो. फसवणूक झालीच तर १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

गावच्या ऊस नोंदी संगणकावर आणि संगणक दूरच्या ऑफिसला जोडण्याची ही खटपट आजची नाही. वारणानगरच्या परिसरात, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प १९९८ मध्ये हाती घेण्यात आला. पुढे २००६-०७ मध्ये त्यांतील सात गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या संदेशावरून उसाची माहिती देण्याघेण्याचा प्रयोग झाला. गावात संगणक ठेवणे सोपे, तो वर्षानुवर्षे जोडलेला ठेवणे अवघड, हा अनुभव तेव्हापासूनचा आहे. त्यामुळे नानांचे काम शेवटी मोबाईलने केले, याचे आम्हाला नवल वाटले नाही.

आमचे स्वतःचे मत विचाराल तर ऑफिसातल्या टेबलावरच्या संगणकाला वायफाय हवेच कशाला? तो काही खांद्यावर टाकून शिवारात न्यायचा नाही. राउटरपासून सरळ लॅनची तार ओढावी. १०० मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते. कपाट आडवे आले काय नि रंगारी आला काय, तिला फरक पडत नाही. फक्त एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत उघड्यावरून तांब्याची तार ओढू नये. वळवाच्या पावसात वीज पडली तर दोन्हीकडची यंत्रे जातात. तशा ठिकाणी फायबरच बरी.

आम्ही हे मत त्या गट ऑफिसात मांडले. भाऊसाहेबांनी मान डोलावली आणि राउटरपासून टेबलापर्यंतचे अंतर पावलांनी मोजले. अकरा पावले भरली. त्याच आठवड्यात तार बसली. अँटिनाही जागेवर आहेत. तार कधी उंदराने कुरतडलीच तर असाव्यात, म्हणून ठेवल्या आहेत. खणाच्या आतल्या बाजूला भाऊसाहेबांनी कागद चिकटवला आहे: "रंगकामापूर्वी संगणकाच्या मागचा फोटो काढणे."

नानांच्या प्लॉटला तोड नोव्हेंबरअखेर आली. तुरा नव्हता. पहिली गाडी भरून निघाली तेव्हा नातवाने तिचा फोटो काढून भाऊसाहेबांच्या मोबाईलवर पाठवला.

सभासदांनी लागण नोंदीची यादी लागताच आपली तारीख, जात व क्षेत्र स्वतः पाहावे आणि येताना नोंदीची पावती बरोबर आणावी. चार्जिंगची वायर गट ऑफिसात ठेवलेली आहे.